चुक्याच्या लिंकवर चिकूचा भाव

“ताई, गिऱ्हाइकाला चुक्याची लिंक पाठवली, तर चिकूचा भाव उघडतोय!” नाशिकच्या दिंडोरी रोडवरच्या मार्केट यार्डातल्या आडत्यांचा फोन. रोजच्या भावांची त्यांची साइट आम्ही कॉलेज रोडच्या ऑफिसात जँगोवर (साइट बांधायची पायथन भाषेतली चौकट) नव्याने उभी करत होतो. जुने पत्ते नुसते आकड्यांचे, फोनवर सांगायची सोय नाही. म्हणून भाव, मग बाजार, मग माल, असा मराठीत वाचता येईल असा पत्ता ठरला होता.

आधी राउट, म्हणजे कोणत्या पत्त्याला कोणतं पान द्यायचं याचे नियम, तपासले. जँगो वरून खाली बघत पहिला जुळणारा राउट उचलतो, पण क्रम बरोबर होता. राउटमध्ये पत्त्याचा तुकडा ओळखणारा ‘स्लग’ कन्व्हर्टर फक्त इंग्रजी अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोअर घेतो, म्हणून तिथे आधीपासूनच कुठल्याही लिपीतली अक्षरं घेणारा ‘स्ट्र’ होता. मग डेटाबेस उघडला. चिकू आणि चुका, दोन्हींसमोर एकच स्लग, म्हणजे पत्त्यात येणारं मालाचं नाव: ‘चक’. खाली कांद्याचं ‘कद’, कोथिंबिरीचं ‘कथबर’, द्राक्षाचं ‘दरकष’. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, सगळं साफ!

नावावरून स्लग बनवणाऱ्या जँगोच्या स्लगिफाय फंक्शनला युनिकोड, म्हणजे इंग्रजीबाहेरची अक्षरंही, चालू ठेवायला सांगितलं तरी हेच होतं. पायथनच्या रेगेक्सला (मजकुरातले नमुने शोधणाऱ्या साधनाला) ‘च’ अक्षर वाटतं, पण त्याची वेलांटी हे युनिकोडमध्ये वेगळं चिन्ह, आणि ते शब्दात धरलं जात नाही. बाराखडीचं पहिलं घर तेवढं उरतं. याचा मला मनापासून राग आला. वेलांटी ही शोभेची वस्तू नाही, तिच्यावाचून शब्दच बदलतो.

सोबतचा मुलगा म्हणाला, “ताई, सरळ रोमनमध्ये करूया. कॉपी केल्यावर नुसत्या ‘कांदा’ची टक्क्याच्या खुणांसकट ४५ अक्षरं होतात.” खरं आहे ते. तरीही ॲड्रेस बारमध्ये गिऱ्हाइकाला ‘कांदा’ दिसतो, हे मला जास्त मोलाचं वाटलं. स्लगिफाय काढून आमचं फंक्शन लिहिलं: प्रत्येक कोडपॉइंटचा (युनिकोडमधल्या एकेका अक्षर-चिन्हाचा) युनिकोड वर्ग बघायचा, अक्षर, वेलांटीसारखं चिन्ह आणि अंक ठेवायचे, बाकीच्या जागी हायफन. स्लगच्या रकान्याला युनिक लावलं, म्हणजे एकच स्लग दोनदा येणार नाही. जुन्या आकडी पत्त्यांवरून नव्यांवर ३०१, म्हणजे कायमचं वळण, दिला.

अडचण उरली ‘चक’ची. तो पत्ता काही गिऱ्हाइकांकडे पोचला होता आणि दोन्ही मालांचा होता, मग वळवायचा कुठे? तिथे चिकू आणि चुका, दोन्हींच्या लिंक असलेलं साधं पान ठेवलं.