तुम्ही विचारलंत म्हणून : मे महिन्याच्या सुट्टीआधीचे आमचे सिनेगॉग

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. शेजारी आणि ऑफिसमधल्या मैत्रिणी मला दरवर्षी एक प्रश्न हमखास विचारतात : मंडळी सुट्टीला गावी जाण्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये, तुमच्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) एवढी लगबग कसली असते? याचे कारण असे की, वर्षातला सर्वांत कष्टाचा सण आणि सर्वांत कमी हजेरीचा महिना आमच्याकडे एकापाठोपाठ येतात, आणि सणाला माणसे जमलेली असतात तेव्हाच पुढच्या महिन्याची तजवीज करून ठेवावी लागते.

तो सण म्हणजे पेसाह, इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याची आठवण. आठ दिवस घरात खमिराचा कणही चालत नाही. आजीच्या काळी त्यासाठी भिंतींना चुना लागे आणि तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई होई. आता भांडी स्टीलची आली, तरी डबे रिकामे करून घासणे आणि तांदूळ पुन्हा पुन्हा निवडणे चुकलेले नाही. सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते ते शरबताकडे, कारण वाइनऐवजी मनुकांच्या शरबतावर किद्दूश (सणाचा आशीर्वाद) म्हणण्याची आमची जुनी पद्धत आहे. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी वाटायच्या आणि मलमलच्या फडक्यातून गाळायच्या. फडके जोरात पिळले की चोथा उतरून शरबत गढूळ होते, म्हणून शेवटचे पिळणे जाणत्या हाताकडेच असावे, असे माझे ठाम मत आहे. चार घरच्या बायका एकत्र बसून हे काम करतात तेव्हा कोण आजारी आहे, कोणाच्या घरी नवसाचा मलिदा (गोड पोह्यांचा प्रसाद) आहे आणि कोणाला मदतीची गरज आहे, हे सगळे तिथेच कळते. कोणत्याही सभेत ते इतक्या नेमकेपणाने कळत नाही.

याच दिवसांत मुलांच्या परीक्षा असतात आणि शाळेला पेसाहची सुट्टी नसते. तरीही सेदरच्या (पेसाहच्या विधिवत जेवणाच्या) रात्री घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाने ठरलेले चार प्रश्न विचारायचे असतात, आणि ते त्याच्याकडून पाठ करून घेण्याचे काम मोठी भावंडे करतात. अर्थ मराठीत समजावला जातो. आमचा मराठी हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायचे पुस्तक, १८४६ साली मुंबईत छापला गेला. १८७४ च्या पुण्याच्या हग्गादात तर जमिनीवर बसून मत्झा (बिनखमिराची भाकरी) करणाऱ्या बायका भारतीय पेहरावात दाखवल्या आहेत. ते चित्र मी प्रत्येक मुलाला आवर्जून दाखवते.

पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून ओमेरच्या, म्हणजे पुढच्या सणापर्यंतच्या, ४९ दिवसांची मोजणी सुरू होते. त्यातले पहिले तेहेतीस दिवस आम्ही लग्ने लावत नाही, त्यामुळे इतरांकडे लग्नसराई ऐन भरात असताना आमच्याकडे फक्त याद्या आणि खरेदी चालू असते. मोजणी जिथे संपते तो शावुओत, म्हणजे तोरा हा आमचा धर्मग्रंथ मिळाल्याचा सण, मात्र बहुतेक वेळा शाळेच्या सुट्टीतच येतो, आणि खरी काळजी तिथे असते.

सार्वजनिक प्रार्थनेसाठी आणि सेफेर तोरा (तोराची हस्तलिखित गुंडाळी) वाचण्यासाठी तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात. १९४८ नंतर आमची बहुतेक माणसे इस्राएलला गेली. ठाण्यातले १८७९ चे शाअर हाशामाईम आज देशातल्या मोठ्या ज्यू वस्तीचे सिनेगॉग मानले जाते, पण मे महिन्यात कोणी अलिबागकडे, कोणी इस्राएलला मुलांकडे गेले की तिथेही माणसे मोजावी लागतात. कोकणातल्या लहान सिनेगॉगांची अवस्था तर याहून कठीण आहे. म्हणून सगळे पांगण्याआधीच कोण कोणत्या शब्बाथला (शनिवारच्या पवित्र दिवशी) इथे आहे, हे विचारून लिहून ठेवले जाते. या यादीत मला सर्वांत मोलाची वाटतात ती नुकतीच दहावी-बारावीची परीक्षा दिलेली मुले. मार्चअखेर ती मोकळी होतात, आणि वडीलधारे गावी गेले की दहांमध्ये तीच उभी राहतात. त्यांच्यापैकी कोणी तोरा वाचायला शिकत असेल, तर हाझान (प्रार्थना चालवणारे) त्याला याच आठवड्यांत पाठ देतात, कारण मे महिन्यात त्याला शिकवायला कोणी जाणते माणूस इथे असेलच असे नाही.

आणि हो, तुम्हालाही यायचे असेल, तर सिनेगॉगच्या समितीला आधी कळवा, ओळखपत्र जवळ ठेवा आणि पुरुषांनी डोके झाकावे. शुक्रवारची संध्याकाळ सर्वांत बरी, प्रार्थनेनंतर सगळ्यांशी निवांत बोलता येते.