सातबाऱ्यावरचं माझं नाव

आप्पा गेले त्या वर्षी वारसनोंद झाली आणि दोन भावांच्या खाली माझं नाव सातबाऱ्यावर चढलं. "हक्कसोड नंतर करून घेऊ," दादा म्हणाला होता. मीही मान डोलावली. माहेर तुटू नये, एवढंच बहिणीला हवं असतं. नंतर ते काम राहूनच गेलं. आता त्यापायी दोघांचेही फोन येतात.

आमचं गाव पुरंदर तालुक्यातलं, विमानतळाच्या सात गावांपैकी एक. पारगाव, खानवडी, एखतपूर, मुंजवडी, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी. आधी पुण्यात कुणाला गाव सांगायचं तर "सासवडजवळ" म्हणावं लागायचं, आता लोक मलाच विचारतात, "मग किती जाते तुमची?" २०१६ मध्ये विमानतळाची घोषणा झाली आणि पुरंदरच्या अंजिराला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही त्याच वर्षी मिळालं. दादा म्हणतो, "एका हातानं शिक्का मारला, दुसऱ्यानं नकाशा काढला."

दादाचं अंजीर दीड एकर, बाकी सीताफळ. वहिनी दिवस उगवायच्या आत तोडणीला जाते. देठ तुटला की पांढरा चीक गळतो, बोटांच्या बेचक्यात बसतो आणि कातडी सोलून काढतो. खोबरेल चोपडूनही तिचे हात हंगामभर भाजल्यासारखेच दिसतात. पाटीत खाली पाला, त्यावर फळांचा एक थर, पुन्हा पाला. दाबलेल्या फळाला बाजारात कुणी विचारत नाही. लग्नाआधी मीही हे सगळं केलंय, आणि खरं सांगायचं तर त्यातून सुटले म्हणून खूशही झाले होते.

म्हणून धाकट्याचं बोलणं मला खोटं वाटत नाही. तो हडपसरला कंपनीत आहे. "आक्का, तांबेरा पडला की बाग गेली. टँकरमागं हंडे घेऊन पळालेलं विसरलीस का?" विसरले नाही. पुढे उपसा योजनेतून मुळा-मुठेचं पाणी आलं, म्हणजे पुण्यानं वापरून सोडलेलं, तेही पैसे भरून. त्याच पाण्यावर दादानं बाग धरली. "पुण्यानं आधी सांडपाणी दिलं, आता विमानं देतंय," हेही त्याचंच.

मे २०२५ मध्ये ड्रोनच्या सर्वेक्षणाला गावांनी अडवलं, लाठीमार झाला. मी मोबाइलवर तेच ते व्हिडिओ थांबवून थांबवून दादाचा शर्ट शोधत होते. धाकट्यानं त्या दिवशी मला एकच मेसेज केला: "दादाला घरी बसायला सांग." स्वतः त्याला फोन केला नाही. दोघं त्याआधीपासूनच बोलत नव्हते.

मग क्षेत्र कमी करून १२८५ हेक्टरवर आणलं. आमचा गट आत राहिला, चुलत्यांचा बाहेर पडला. चुलते अजून विरोधाच्या बैठकीला येतात, पण मागं बसतात. बाहेर राहिलेल्या जमिनीचा भाव विचारायला एजंट त्यांच्या ओट्यावर चहा पिऊन जातात. चुलत्यांचा राग नाही येत मला. आमचा गट बाहेर राहिला असता तर आम्ही कुठं बसलो असतो?

आणि मी तरी कोण मोठी. मुलगा बंगळुरूला. वर्षातून दोनदा लोहगावला, हवाईदलाच्या धावपट्टीवरून विमान पकडते. एकदा तिथल्या लांबलचक रांगेत शेजारच्या बाईला म्हणाले होते, "पुण्याला स्वतःचा मोठा विमानतळ पाहिजेच." ही गोष्ट दादाला कधी सांगितलेली नाही.

जमीन द्यायचं संमतिपत्र धाकट्यानं आणून दिलंय. सही केली तर मोबदल्यासोबत दहा टक्के विकसित भूखंड, हे त्यानं पेन्सिलीनं कोपऱ्यात हिशेब मांडून दाखवलं. मला वाटलं दादा भांडेल. त्यानं रविवारी फोन करून सांगितलं, "तुझी सही तू कर आक्के. माझ्यापायी तुझं नुकसान नको." आणि लगेच, "वहिनीनं पाटी भरलीय, एसटीनं धाडू का कुणी येतंय तिकडून?"

मी म्हटलं, मीच येते. कागद पिशवीत टाकून निघाले. वहिनीनं दारातच विचारलं, "सही केली?" मी नाही म्हटलं. तिनं खोबरेलाची बाटली पुढं केली. "मग चला. अजून दोन ओळी राहिल्यात तोडायच्या."