'शास्त्रीय कारण लिहा' म्हटलं की उत्तर अडतं कुठे?

'माठातील पाणी थंड राहते. शास्त्रीय कारण लिहा.' या प्रश्नाला वर्गात दोन उत्तरं हमखास येतात. एक, 'कारण माठ मातीचा असतो.' दुसरं, 'कारण बाष्पीभवन होते.' दोन्ही चुकीची नाहीत, पण पूर्ण गुण एकालाही देता येत नाहीत. मग मुलाला धडा कळलेलाच नाही, असं आपण शिक्षक फार लवकर ठरवून टाकतो. त्याच मुलाला तोंडी विचारून पाहा. 'पाणी झिरपतं, वाऱ्यानं सुकतं, म्हणून गार होतं,' असं तो पटकन सांगेल. म्हणजे बरंचसं त्याला माहीत आहे. ते वहीत कसं मांडायचं, हे मात्र त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

आपला भर पारिभाषिक शब्दांवर असतो. फळ्यावर शब्द, समोर अर्थ, तो पाठ. पण अडचण 'बाष्पीभवन' या शब्दात फारशी नसते. या उत्तरातलं मुख्य वाक्य बघा: 'बाष्पीभवनासाठी लागणारी उष्णता माठातील पाण्यातून घेतली जाते.' 'पाणी सुकतं' या साध्या क्रियेचं इथे नाम झालं. 'लागणारी' हे धातुसाधित आलं. 'घेतली जाते' मध्ये उष्णता घेणारा कुणी दिसतच नाही. घरी, अंगणात, मैदानावर असं कुणी बोलत नाही, त्यामुळे ही वाक्यरचना वर्गातच कानावर पडायला हवी आणि वर्गातच तोंडात बसायला हवी. वहीत उतरायची वेळ त्यानंतरची.

त्यासाठी ३५ मिनिटांची एक तासिका पुरते. प्रयोगशाळेतल्या दोन तापमापी घ्या. ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही, त्याचं माप ३५ अंशांच्या आसपास सुरू होतं. आधी दोन्ही तापमापी सारखंच तापमान दाखवतात ना, ते बघून घ्या. मग एकीच्या फुग्याला कापूस गुंडाळा आणि खोलीत आधीपासून ठेवलेल्या पाण्यानं तो भिजवा; पाणी नुकतंच फ्रिजमधून काढलेलं असेल तर प्रयोगच फसतो. दोन्ही पंख्याखाली पाच मिनिटं ठेवा. कोरड्या हवेत काही अंशांचा फरक स्पष्ट दिसतो. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये हा प्रयोग करू नका. हवेत आधीच भरपूर बाष्प असतं, फरक जेमतेम पडतो आणि मुलं गोंधळतात.

तापमापीचं वाचन झालं की लगेच लिहायला सांगू नका. तीन मिनिटं जोडीत बोलू द्या, आणि घरच्या भाषेत बोलू द्या. पालघरमध्ये वारली, मेळघाटात कोरकू बोलली तर बिघडत नाही. कोरकू मुळात मराठीच्या भाषाकुळातलीच नाही. तिथल्या मुलाला एकाच वेळी विचारही करायला लावायचा आणि पुस्तकी मराठीही बोलायला लावायची, हा अन्याय आहे. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये संभाषणाची भाषा आणि शाळेत शिकण्याची भाषा यांतला फरक मांडला. दुसऱ्या भाषेतून शिकणाऱ्या मुलाला रोजचं बोलणं साधारण दोन वर्षांत जमतं, अभ्यासाच्या भाषेला मात्र पाच ते सात वर्षं लागू शकतात. मूल मराठीत गप्पा मारतंय म्हणजे त्याला पाठ्यपुस्तकही कळतंय, हा समज म्हणूनच फसवा आहे.

आता एका मुलाचं वाक्य त्याच्याच शब्दांत फळ्यावर घ्या: 'ओल्याचं कमी झालं.' पुसू नका, त्याच्याखाली वाढवत जा. ओल्या कशाचं? काय कमी झालं? कितीनं? 'ओला कापूस गुंडाळलेल्या तापमापीतील तापमान ४ अंशांनी कमी झाले.' प्रत्येक भर मुलांकडूनच यायला हवी. प्रश्न विचारल्यावर किमान तीन सेकंद थांबा. आपण सहसा एका सेकंदात स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो.

इथेच काळातला फरक दाखवा, कारण तो क्वचितच कुणी शिकवतं. निरीक्षण भूतकाळात लिहायचं: 'तापमान कमी झाले.' निष्कर्ष साध्या वर्तमानकाळात: 'बाष्पीभवन होताना उष्णता शोषली जाते, त्यामुळे तापमान कमी होते.' 'झाले' म्हणजे आज आपल्या टेबलावर घडलं ते. 'होते' म्हणजे कुठेही घडेल ते. अनेक मुलं निष्कर्षाच्या जागी निरीक्षणच पुन्हा लिहितात, त्यामागे हाच घोळ असतो.

मग माठाकडे वळा आणि वाक्याचा सांगाडा द्या: 'माठाला ____ असतात. त्यामुळे पाणी ____. या पाण्याचे ____ होते. त्यासाठी लागणारी ____ माठातील पाण्यातून ____. परिणामी ____.' आधी सगळ्यांनी तोंडी, मग जोडीत एकमेकांना, मग वहीत. चौथ्या वाक्याशी मुलं अडखळतील. उष्णता कुठून येते, हे त्यांच्या तोंडी उत्तरातही नव्हतं. तिथे भाषेबरोबर समजुतीतलीही रिकामी जागा उघडी पडते, आणि ती तापमापीकडे बोट दाखवूनच भरता येते.

सांगाड्याचा धोका असा की तो कायमचा राहतो आणि मुलं फक्त गाळलेल्या जागा भरत बसतात. म्हणून पुढच्या कारणाला फक्त जोडशब्द द्या: 'त्यामुळे', 'त्यासाठी लागणारी', 'परिणामी'. त्यापुढच्याला काहीच देऊ नका. घाम आल्यावर पंख्याखाली गार का वाटतं, उन्हाळ्यात संध्याकाळी अंगणात पाणी का शिंपडतात, हे प्रश्न त्यासाठी चांगले, कारण विज्ञान तेच राहतं आणि वाक्यं मुलांना स्वतः उभी करावी लागतात.

वह्या तपासताना एकाच गोष्टीवर खूण करा. कारणांची साखळी तुटलेल्या जागी समासात 'का?' एवढंच लिहा. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या दिवशी बघता येईल. सगळीकडे लाल शाई झाली की मुलं छोटी, सुरक्षित वाक्यं लिहायला लागतात आणि 'कारण बाष्पीभवन होते'वर परत येतात.

शेवटी उलटा प्रश्न विचारा: स्टीलच्या कळशीतलं पाणी तितकं गार का होत नाही? इथे 'छिद्रे नसल्यामुळे' अशी नकारातून कारण सांगणारी रचना लागते. ती आपणहून आली तर पुढच्या धड्याला जा, नाहीतर फळ्यावर फक्त 'नसल्यामुळे' लिहून थांबा.