मी राखाडी सांगितला होता

कोथरूडच्या त्या फ्लॅटचं काम संपवून चावी दिल्याला पाच दिवस झाले होते. सकाळी साडेआठला आजींच्या मुलाचा फोन आला. "दादा, जरा येऊन जा. आई म्हणतेय खोलीचा रंग चुकलाय. काल रात्री ती हॉलमध्येच झोपली."

बावीस वर्षं मी पुण्यात रंगकामाची कंत्राटं घेतोय. लांबीला, म्हणजे रंगाखालच्या पुट्टीला, भेगा पडल्या, पावसाळ्यानंतर ओल वर आली, असल्या तक्रारी नेहमीच्या आहेत, त्यांचं काय करायचं ते ठरलेलं असतं. पण रंगच चुकला म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. त्यातून ही खोली माझ्या दृष्टीने चांगली उतरली होती.

रंग निवडला तेव्हा मी समोर बसलो होतो. आजी निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. शेडकार्ड मांडीवर घेऊन त्यांनी एका पट्टीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "झोपायच्या खोलीला हा राखाडी द्या. शांत वाटतो." पट्टी निळी होती. फिकट, थोडी धुरकट, पण निळीच. मी काही बोललो नाही, कारण रंगांची नावं घरोघरी वेगळी असतात. एकीची अबोली ती दुसरीची गुलाबी. लोक मला शेवाळी म्हणून पिस्ता दाखवतात आणि मोतिया म्हणून पिवळा. बोट कुठे आहे ते बघायचं आणि नंबर लिहून घ्यायचा, अशी माझी सवय. हॉलसाठी त्यांनी 'पांढरा' म्हणून दाखवलेला रंग दुधाच्या सायीसारखा पिवळट होता. तेही मी तसंच लिहून घेतलं. तिथेच थांबून विचारायला हवं होतं, हे मला आज कळतं.

एक काम मात्र मी कधी चुकवत नाही. हार्डबोर्डच्या फूटभर तुकड्यावर ठरलेल्या रंगाचे दोन हात मारतो, वाळल्यावर तो गिऱ्हाइकाला दाखवतो, आणि मागे शेडचा नंबर, तारीख आणि त्यांची सही घेतो. आजींची सही मोठ्या अक्षरांत होती, वर वर चढत कडेपर्यंत गेलेली.

त्यानंतर त्या नाशिकला मुलीकडे गेल्या. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन तिकडे होतं, आणि घासकामाची धूळ डोळ्यात जायला नको म्हणून आम्ही काम त्याच दिवसांत उरकलं.

मी पोचलो तेव्हा आजी खोलीच्या दारात उभ्या होत्या. आत पाऊल टाकत नव्हत्या. "अहो, मी राखाडी सांगितला होता. तुम्ही निळा मारलात. किती अंगावर येतोय तो."

मी क्रमाने तपासत गेलो. उरलेल्या डब्याच्या झाकणावरचा मशीनचा स्टिकर पाहिला, नंबर तोच. एक चार लिटरचा आणि दोन एक लिटरचे डबे आम्ही मोठ्या बादलीत एकत्र करूनच वापरले होते, त्यामुळे डब्याडब्यांत फरक पडायचाही प्रश्न नव्हता. मग दिवे पाहिले. मुलाने जुना पिवळा बल्ब काढून पांढरी एलईडी ट्यूब लावली होती. खोली उत्तरेची, तिथे थेट ऊन येत नाही, आकाशाचा थंड उजेड येतो. अशा खोलीत निळा एक पायरी जास्त निळा दिसतो, आणि दोन इंचांच्या पट्टीवरचा रंग चार भिंतींवर गेला की चढतोच. मी ट्यूब बंद केली, खिडकी सताड उघडली.

"नाहीच," आजी म्हणाल्या.

शेवटी गाडीतून सहीचा बोर्ड आणला आणि भिंतीला टेकवला. कड कुठे संपते ते कळू नये इतका तो मिसळून गेला. आजींनी तो हातात घेतला, उलटून स्वतःची सही पाहिली, परत सुलटा केला. "सही माझी आहे. पण रंग हा नव्हता." मुलगा खाली बघायला लागला. मलाही आतून वाईट वाटलं. बोर्ड बदलला असा संशय माझ्यावर आजवर कुणी घेतला नव्हता.

तेवढ्यात त्यांची थेंब घालायची वेळ झाली. मुलाने उजव्या डोळ्यात थेंब टाकला. आजी खुर्चीत बसून तो डोळा मिटून, त्यावर कापूस धरून राहिल्या. बोर्ड मांडीवर तसाच होता. डावा डोळा उघडा होता आणि सहज त्यांची नजर खाली गेली.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "हाच की तो. हाच राखाडी."

पुढची पाच मिनिटं कुणी फारसं बोललं नाही. दोन्ही डोळे उघडता आल्यावर त्यांनी तळव्याने आधी उजवा झाकला, मग डावा, मग परत उजवा. उठून पलंगावरची पांढरी चादर पाहिली. उजव्या डोळ्याला ती नीळ घातलेली दिसत होती, डाव्याला चहाच्या पाण्यातून काढल्यासारखी. कपाट उघडून एक साडी काढली आणि पदर खिडकीशी धरला. "ही मी चार वर्षं शेवाळी म्हणून नेसतेय. ही तर मोरपंखी आहे." त्यांचा आवाज कापत होता.

मुलीने नाशिकच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, तेव्हा उलगडा झाला. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं, तपकिरी होत जातं आणि निळा प्रकाश अडवतं. हे इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ताच लागत नाही. फिकट निळा राखाडी दिसतो; पिवळट आणि पांढरा यांत फरक उरत नाही. ऑपरेशनमध्ये ते काढून बसवलेलं नवं भिंग स्वच्छ असतं, म्हणून सुरुवातीला सगळं जास्तच निळं वाटतं, आणि मेंदूला त्याची सवय व्हायला काही महिने जातात.

मुलगा म्हणाला, "दादा, रविवारी लगेच मारून टाकू दुसरा." मी नको म्हणालो. कुठल्या डोळ्यासाठी मारायचा? डाव्याचं ऑपरेशन महिन्याभराने होतं. तोवर निवडलेला कुठलाही रंग पुन्हा फसला असता. तेवढे दिवस मी जुना पिवळा बल्ब परत लावून दिला, खिडकीला बदामी पडदा सुचवला, आणि आजी खोलीत झोपायला लागल्या.

दुसऱ्या डोळ्यानंतर दोन महिने थांबून आम्ही पुन्हा बसलो. या वेळी शेडकार्ड उघडलंच नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींवर आधी पांढऱ्या प्रायमरचे मोठे चौकोन मारले. निळ्या भिंतीवर थेट राखाडी लावला तर शेजारच्या निळ्यामुळे तो तांबूस भासतो आणि निवड तिथेच चुकते. त्या पांढऱ्यात दोन-दोन फुटांचे तीन राखाडी मारले. एक स्वच्छ, एक किंचित हिरवट, एक किंचित मातकट. मातकटच घ्या, उत्तरेच्या खोलीत तोच उबदार राहील, असं माझं मत होतं, पण ते मी बोललो नाही. तीन दिवस सकाळी, चार वाजता आणि दिव्यात बघा, एवढंच सांगितलं.

चौथ्या दिवशी आजींनी मातकटावर हात ठेवला. हॉलचं विचारलं तर म्हणाल्या, तो आता पिवळा दिसतो, पण नातवाला आवडतो, राहू दे. रंगाचे पैसे त्यांनी दिले, मजुरी मी घेतली नाही.

नवा बोर्ड तयार केला आणि मागची बाजू त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आधी शेडचा नंबर मोठ्याने वाचला, तारीख वाचली, आणि खाली सही केली. बारीक, शाळेच्या प्रगतिपुस्तकावर करत असतील तशी, अगदी सरळ ओळीत.