१०० वॉट, एक तार आणि ४८ तास

सीक्यू वर्ल्ड वाइड या हॅम रेडिओच्या जागतिक स्पर्धेचा फोन (बोलून संपर्क साधण्याचा) भाग ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी असतो. सुरुवात शून्य यूटीसीला (जागतिक प्रमाणवेळ), म्हणजे आपल्याकडची शनिवारची पहाट, साडेपाच. संपतं सोमवारी पहाटे ५:२९ला. पहिल्यांदा उतरणारे महिनाभर आधीपासून रिग (रेडिओ संच) आणि वॉटची चर्चा करतात, नियम मात्र शुक्रवारी रात्री उघडतात. ते आधी वाचा. लहान स्टेशनची सगळी आखणी त्यातूनच निघते.

दुसऱ्या खंडातल्या स्टेशनला ३ गुण, आशियातल्या दुसऱ्या देशाला १, भारतातल्या भारतात शून्य. या बेरजेला गुणायचं मल्टिप्लायरने: प्रत्येक बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) मिळालेला प्रत्येक नवा झोन (स्पर्धेने जगाचे पाडलेले विभाग) आणि प्रत्येक नवा देश. समजा ११० संपर्क खंडाबाहेरचे आणि ४० आशियातले झाले, तर गुण ३७०. झोन २० आणि देश ४५ असतील तर ३७० गुणिले ६५, म्हणजे २४,०५०. इथून पुढे आधीच मिळालेल्या देशातलं आणखी एक युरोपीय स्टेशन १९५ची भर घालतं. युरोपातलाच नवा देश ५६८ची. आणि गंमत पाहा, एखाद्या बँडवर अजून एकही व्हीयू (भारतीय) स्टेशन मिळालं नसेल आणि झोन २२ही नवा असेल, तर ‘शून्य गुणांचा’ तो संपर्क भारत आणि झोन २२ असे दोन मल्टिप्लायर देतो: थेट ७४०! लोक नेमका हाच सोडून देतात.

अँटेनाला गच्चीवर एक खांब पुरतो. १४३ भागिले मेगाहर्ट्झ केलं की डायपोलची (मधोमध केबल जोडलेल्या तारेची) लांबी मीटरमध्ये मिळते, ४० मीटर बँडच्या ७.१ला २०.१४, म्हणजे इन्व्हर्टेड व्हीची (खांबावरून दोन्हीकडे उतरणाऱ्या डायपोलची) एकेक बाजू साधारण १०.०७. तार १०.४ कापा आणि टोकं दुमडत एसडब्ल्यूआर (अँटेना रिगशी किती जुळते याचं माप) खाली आणा. पीव्हीसी आवरणाची वायर असेल तर लांबी हिशेबापेक्षा दोन-चार टक्के कमीच भरते, त्यामुळे आधीच नेमकी कापण्यात अर्थ नाही. त्याच फीडपॉइंटला (केबल तारेला जोडते तिथे) २० मीटर बँडसाठी ५ मीटरच्या दोन बाजू जोडा, टोकं मोठ्या तारेपासून अर्धा मीटर लांब ठेवा. ४० मीटर बँडचीच तार १५ मीटर बँडवर तिसऱ्या हार्मोनिकने (तिप्पट फ्रिक्वेन्सीवर) चालते. रेझोनन्स थोडा वर सरकतो, तेवढं ट्यूनर सांभाळतो. खर्च करायचाच तर कोॲक्सवर, म्हणजे रिगपासून अँटेनापर्यंतच्या केबलवर करा. ३० मीटर लांब आरजी-५८ या पातळ कोॲक्समध्ये १० मीटर बँडवर जवळपास अडीच डेसिबल जातात, म्हणजे १०० वॉटचे वर पोचतात ५५-६०. फीडपॉइंटपाशी कोॲक्सचे आठ-दहा वेढे घालून चोक केला नाही, तर आरएफ (रेडिओ लहरी) शॅकमध्ये, म्हणजे रिगच्या खोलीत उतरतं आणि पीटीटी (बोलण्याचं बटण) दाबताच लॅपटॉपची यूएसबी सुटते. परतीचा पाऊस गडगडला की कोॲक्स रिगपासून काढून बाहेर ठेवायची, हे वेगळं सांगायला नको.

रिगला वीज देणाऱ्या डीसी वायरकडे कुणाचं लक्ष जात नाही. १०० वॉटची रिग बोलताना २०-२२ अँपिअर ओढते. दोन मीटर अंतरावर १ चौरस मिलिमीटरची वायर लावली तर जाऊन-येऊन दीड व्होल्ट खाते. आवाज फाटतो आणि दोष माइकला दिला जातो. ४ चौरस मिलिमीटर लावा.

मग नॉइज, म्हणजे रिगमधली खरखर. ही कॉन्टेस्ट दिवाळीच्या आसपास येते, त्यामुळे स्वस्त एलईडी माळांचे ॲडॉप्टर ऐन वेळी एस-मीटर (सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) चढवतात. आठवडाभर आधी रिग बॅटरीवर चालवून घराचा मेन स्विच बंद करा. नॉइज कमी झाला तर चोर घरातच आहे. एकेक एमसीबी चढवत शोधा. शेजाऱ्याच्या माळेसाठी फेराइट क्लिप आणि फराळाचा डबा, दोन्ही सोबत न्या.

लॉगिंगसाठी (संपर्कांची नोंद ठेवायला) एन१एमएम हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. रिगशी बॉड रेट (डेटाचा वेग) जुळवणं, कॉलसाइन (स्टेशनचं परवान्यावरचं नाव) रेकॉर्ड करून फंक्शन कीवर ठेवणं हे आधीच डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायच्या रेझिस्टरवर) उरका. सॉफ्टवेअर झोन स्वतःहून भरतं, पण अमेरिकेत ३, ४, ५ तिन्ही आहेत. कानाने ऐकलेलाच लिहा.

पहाटे ४० मीटरवर युरोप, सकाळी १५ आणि १०वर जपान, दुपारनंतर त्याच बँडवर युरोप, अंधार पडताना २०, रात्री पुन्हा ४०. बँडच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सावकाश जा, मोठं स्टेशन सापडलं की कॉलसाइन एकदाच पूर्ण द्या, मग ऐका. उत्तर आलं की ‘फाइव्ह नाइन टू टू’ (५९ हा सिग्नलचा रिपोर्ट, २२ आपला झोन), बस्स. ‘प्लीज कॉपी’ वगैरे नको. शनिवारी ज्याच्या पाइलअपमध्ये (हाक मारणाऱ्यांच्या गर्दीत) अर्धा तास जाईल, तेच स्टेशन रविवारी दुपारी रिकामं सीक्यू (‘कुणीही उत्तर द्या’ अशी हाक) देत असतं. स्वतः सीक्यू द्यायचं तर १० मीटरवर २८.६ मेगाहर्ट्झच्या वर द्या; २०वर १०० वॉटला जागा कुणी ठेवत नाही. २०वर डायल १४.३४७च्या वर नेऊ नका, अप्पर साइडबँड सिग्नलची रुंदी बँडबाहेर पडते. ४०वर आपली हद्द ७.२००, त्यापुढचे अमेरिकन फक्त ऐकायचे.

कॅब्रिलो फाइल (लॉगची ठरलेल्या साच्यातली फाइल) पाच दिवसांत अपलोड करायची. नंतर इंटरनेटवर कॉलसाइन पडताळून लॉग सुधारणं नियमाविरुद्ध आहे, आणि चुकीच्या कॉलसाइनला संपर्क जाऊन वर दंडही बसतो. शंका असेल तर तिथल्या तिथे पुन्हा विचारा. कॅटेगरीत लो पॉवर लिहा; क्लस्टर (कोण कुठे ऐकू येतंय ते सांगणारी इंटरनेटवरची यादी) एकदाही उघडलं असेल तर असिस्टेड.