अठरा दिवस अडकलेली बाटली आणि माझं न वाढणारं शेवाळ

पार्सल मला दिसत होतं. जाळीच्या पलीकडे, खालून तिसऱ्या फळीवर, खाकी चिकटपट्टी आणि तिच्यावर निळ्या स्केचपेनने लिहिलेलं माझं नाव. मी चार वेळा त्या कुरिअरच्या गोदामात गेले आणि चारही वेळा ते जागचं हललेलं नव्हतं. आत फॉस्फेट मोजायच्या रसायनाच्या दोन लहान बाटल्या होत्या, बाकी काही नाही. अजूनही त्या रस्त्याने गेले की डोकं तापतं. म्हणून सगळं लिहून काढते. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ज्यांना शेवाळ वाढवायचंय, त्यांचे तरी दोन महिने वाचतील.

आमची टाकी रत्नागिरीत घरीच आहे. वरची दीडशे लिटरची, खाली सम्प, म्हणजे वरचं पाणी जिच्यातून फिरून परत जातं ती दुसरी टाकी, मिळून पाणी साधारण दोनशे लिटर. दोन क्लाउनफिश, एक डॅमसेल, एक गोबी. खायला ताजा जवळा वाटून घालत होते, आणि इथेच पहिली चूक झाली. जवळ्याचं पाणी मी तसंच टाकीत ओतायची. त्या पाण्यातून फॉस्फेट, म्हणजे नको त्या शेवाळाचं खतच, थेट आत जातं. आता चहाच्या गाळणीत धुऊन मगच घालते. माशांच्या घाणीतून साठणारं नायट्रेटही पावसाळा संपेपर्यंत ४० पीपीएमवर (लिटरमागे ४० मिलिग्रॅम) गेलं होतं आणि काच दर दोन दिवसांनी तपकिरी व्हायची.

उपाय जुनाच आहे. सम्पच्या एका कप्प्यात दिवा लावून शेवाळ वाढवायचं. ते वाढताना पाण्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट अंगात घेतं. मग वाढलेलं कापून बाहेर काढायचं, म्हणजे ते सगळं टाकीबाहेर जातं. वॉल्टर एडी या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत शेवाळाच्या जाळ्यांवरून पाणी वाहवून मोठ्या टाक्या अशाच स्वच्छ ठेवल्या होत्या. मी चीटो घेतलं, म्हणजे कीटोमॉर्फा जातीचं शेवाळ, हिरव्या नायलॉनच्या घासणीसारखं दिसणारं. कॉलर्पा हे दुसरं शेवाळ मुद्दाम टाळलं. ते कधीकधी एका रात्रीत बीजपेशी सोडून पांढरं पडतं आणि सगळं पाणी दुधाळ करून टाकतं.

इथे कुणी म्हणेल, समुद्र दाराशी असताना विकत कशाला? मी ओहोटीला खडपावरचं उल्वा नावाचं शेवाळ आणून पाहिलं आहे. त्याच्याबरोबर गोगलगायी आणि बारीक खेकडे आले, आणि आठ दिवसांत सगळं कुजलं. मालवणच्या सागरी अभयारण्यातून तर काहीही उचलायचं नाही, ते क्षेत्र १९८७ पासून संरक्षित आहे.

चीटो मुंबईहून रात्रीच्या बसने आलं, शंभर ग्रॅम, ताजं. कप्पा, पाण्याचा झोत, पन्नास वॉटचा एलईडी फ्लडलाईट, सगळं एका रविवारात बसलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. फक्त दिवा रात्री आठ ते सकाळी सहा लावा, टाकीच्या दिव्याच्या उलट वेळेत. रात्री पाण्यात साठणारा कार्बन डायऑक्साइड शेवाळ घेत राहतं, त्यामुळे पहाटेचा पीएच फारसा पडत नाही. माझा ७.८ वर जायचा, आता ८.० च्या आसपास थांबतो.

नोव्हेंबर गेला. चीटो वाढेना. तिसऱ्या आठवड्यात गडद हिरवा रंग पिवळट झाला. बोटांत घेतलं की तंतू तुटायचे, आणि तुटलेले तुकडे पंपाच्या जाळीत अडकायचे. वाळूवर लालसर, बुळबुळीत थर आला. दुकानदार म्हणाले, दिवा कमी पडतोय. मी दुसरा दिवा आणला. मग म्हणाले, लोह घाला. तेही घातलं. नायट्रेट मोजलं तर शून्य. बाटली नीट हलवली नाही तर हा कीट, म्हणजे मोजायचा संच, खोटा कमी आकडा दाखवतो, म्हणून दोनदा मोजलं, एक मिनिट जोरात हलवून. शून्यच. आणि मला आनंद झाला! नायट्रेट गेलं म्हणजे पाणी स्वच्छ झालं, असं मी धरून चालले.

फॉस्फेटचं रसायन संपलं होतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मागवलं. चौथ्या दिवशी मोबाइलवर आलं, ‘आपल्या शहरात पोहोचलं आहे’. त्यानंतर काहीच नाही. आठव्या दिवशी एमआयडीसीतल्या त्यांच्या गोदामात गेले.

“मॅडम, लिक्विड आहे. डिक्लेरेशन लागेल.”

फॉर्म दिला. त्यात वस्तूचा प्रकार निवडायचा होता: औषध, खाद्यपदार्थ, सौंदर्यप्रसाधन, रसायन. मी रसायनावर खूण केली, कारण ते रसायनच आहे. त्यावर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, मग पाठवणाऱ्याकडून सुरक्षिततेचा कागद लागेल. घरी येऊन विक्रेत्याला फोन केला. त्याने त्याच संध्याकाळी कागद मेल केला. मी छापून दुसऱ्या दिवशी नेला. आता उत्तर मिळालं की कागद ग्राहकाकडून चालत नाही, पाठवणाऱ्याने थेट मुख्य कार्यालयाला पाठवायला हवा. विक्रेत्याने तोही पाठवला. ग्राहक सेवेला फोन केला की एकच वाक्य: चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत कळवतो. कुणीही कळवलं नाही. तिसऱ्या खेपेला मी बँकेतून अर्धा दिवस रजा टाकून गेले, तर जेवणाची सुट्टी. पाऊण तास बाहेर उन्हात उभी. आत पार्सल दिसतंय, वीस पावलांवर, आणि घरी माझं शेवाळ रोज थोडं थोडं मरतंय. मी त्या मुलाला म्हटलं, “अरे, ही पंधरा मिलिलिटरची बाटली आहे, डोळ्यांत घालायच्या औषधाएवढी.” तो म्हणाला, “सिस्टिममध्ये होल्ड आहे, मॅडम. माझ्या हातात काही नाही.” त्याचा आवाज वाईट नव्हता, आणि त्यामुळे जास्तच राग आला. कुणाच्याच हातात काही नसतं, तर ते होल्ड लावलं कुणी?

अठराव्या दिवशी काउंटरवर दुसरीच बाई होती. तिने आधार कार्ड पाहिलं, रजिस्टरमध्ये सही घेतली आणि पार्सल समोर ठेवलं. फॉर्म नाही, कागद नाही, दोन मिनिटं. मी तिला काही विचारलंही नाही, उचललं आणि निघाले.

तेव्हा आधी दोन्ही कीट आणि त्यांची रसायनं हातात घ्या, मुदत पाहून, आणि मग शेवाळ मागवा. मी उलट केलं.

त्या रात्री मोजलं. परीक्षानळीतलं पाणी इतकं निळं झालं की आकडा वाचायची गरज नव्हती: ०.५ पीपीएम. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट ०.५. दिव्याचा काही दोष नव्हता. शेवाळ नायट्रोजनवाचून उपाशी होतं.

हे नीट समजायला मला दोन दिवस लागले. टाकीतल्या दगडांच्या आणि सिरॅमिक विटांच्या पोटात, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत उडून जातो. फॉस्फेटला असा वायू होऊन जायचा मार्गच नाही. ते पाण्यात साठतं, दगडात मुरतं आणि पाण्यातलं कमी झालं की दगडातून परत सुटतं. म्हणून माझं नायट्रेट संपलं आणि फॉस्फेट बसून राहिलं. समुद्री शैवालांच्या अंगात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे साधारण तीस असतात. अ‍ॅटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये हे प्रमाण मांडलं होतं. नायट्रोजन कमी पडला की शेवाळाची वाढ अडते आणि फॉस्फेटही फारसं उचललं जात नाही. वाळूवरच्या लाल थराची मात्र चंगळ. तो सायनोबॅक्टेरिया या जिवाणूंचा असतो, आणि त्यांच्यातल्या काही जाती हवेतला नायट्रोजन स्वतः बांधून घेऊ शकतात.

म्हणजे फॉस्फेट खाली आणायचं तर टाकीत नायट्रेट घालायला हवं होतं. जेवताना मी हे बोलले. सासरे, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, भाताचा घास तसाच धरून ऐकत होते. म्हणाले, “पोटॅशियम नायट्रेट ना? मग मागच्या पडवीत तेरा-झिरो-पंचेचाळीसची पिशवी आहे की. कलमांना मारतो ते.” हापूसला फळगळ होऊ नये म्हणून ज्याची एक टक्क्याची फवारणी करतात, तेच हे. मी इतके दिवस कुरिअरच्या दारात उभी होते आणि औषध आमच्याच पडवीत होतं.

पिशवीवर सूक्ष्म अन्नद्रव्यं घातल्याचं लिहिलेलं नाही ना, तेवढं पाहा. तांब्यासारखी मिसळलेली द्रव्यं टाकीत नकोत. दोनशे लिटरला १.६ ग्रॅमने नायट्रेट सुमारे ५ पीपीएम चढतं. मी एकदम घातलं नाही. रोज ०.५ ग्रॅम, पेलाभर आरओच्या पाण्यात विरघळवून, सम्पमध्ये, आणि दर तिसऱ्या दिवशी मोजून. नायट्रेट २ ते ५ च्या मध्ये ठेवायचं, एवढंच लक्ष्य.

नवव्या दिवशी टोकं हिरवी दिसली. मी अप्पांना हाताला धरून सम्पपाशी आणलं. जुन्या पिवळ्या तंतूंतून पोपटी, ताठ नवे तंतू निघाले होते, बोटाने दाबले तर उसळत होते. तीन आठवड्यांत गोळा दुप्पट झाला, आणि झोतात सावकाश फिरायला लागला. चीटो असं फिरायलाच हवं, नाहीतर आतला भाग अंधारात कुजतो. लाल थर त्याच सुमारास विरळ झाला.

कापणीचं एक राहिलं. सगळं कधी काढायचं नाही. मी तिसरा भाग काढते, कात्रीने नाही, हातांनी फाडून. काढलेला गोळा आधी टाकीच्याच पाण्याच्या बादलीत झटकायचा. तांदळाच्या कणीएवढे असंख्य जीव त्यात राहतात, ते माशांचं खाणं आहे. ते पाणी गाळणीतून परत सम्पमध्ये. शेवाळ मात्र ओढ्यात, खाडीत कुठेही टाकू नका. ते बाहेरून आणलेलं आहे, आपल्या किनाऱ्यावर रुजायला नको. मी गोड्या पाण्यात दोनदा धुऊन माडाच्या आळ्यात पुरते.

एप्रिलच्या शेवटच्या कापणीला पिळून वजन केलं, ४१० ग्रॅम भरलं. फॉस्फेट ०.०८ वर आलं आहे. दगडातून अजून सुटतंय, त्यामुळे खाली जायला वेळ लागेल. पुढचं रसायन मी दोन बाटल्या जास्तीचं मागवलं, आणि या वेळी भाऊ मुंबईहून येताना पिशवीतून घेऊन आला.