साबा: एका दिवसात डोंगर आणि परत

कॅरिबियन समुद्रातल्या साबा या छोट्या डच बेटावर एका दिवसात जाऊन यायचं असेल तर आदल्या रात्रीच ठरवून टाकावं, डोंगर की समुद्र. एकाच दिवशी दोन्ही करायला जाणं धोक्याचं आहे. स्कूबाची बुडी मारून वर आल्यावरही शरीरात विरघळलेला नायट्रोजन काही तास हळूहळू बाहेर पडत राहतो. तेवढ्यात उंचावर गेलं, हवेचा दाब घटला, की त्याचे रक्तात बुडबुडे होऊ शकतात. डायव्हिंगच्या नियमांत 300 मीटरच्या वरची जागा उंचावरची धरतात, आणि साबावर विंडवर्डसाइड हे गावच साधारण 400 मीटरवर वसलंय. माउंट सीनरी या इथल्या डोंगराचा माथा तर 887 मीटर. परतीचं विमान असेल तर एका बुडीनंतर निदान 12 तास आणि एकाहून जास्त बुड्या झाल्या असतील तर 18 तास थांबायला हवं. साबाभोवतीचा समुद्र 1987पासून संरक्षित सागरी उद्यान आहे आणि पाण्याखालचे सुळके बघण्यासारखेच आहेत. पण त्यासाठी मुक्कामाला यावं. हाताशी एकच दिवस असेल तर डोंगर.

आणि पुळणीचा विचार मनातून काढूनच टाकावा. अख्खं बेट म्हणजे समुद्रातून उभा राहिलेला एक ज्वालामुखी, क्षेत्रफळ जेमतेम 13 चौरस किलोमीटर. कडे थेट पाण्यात उतरतात. वेल्स बे या खाडीत थोडी वाळू येते, पण हिवाळी लाटा ती घेऊनही जातात.

सकाळ, बोट

सिंट मार्टेन या शेजारच्या बेटावरून साबा नैर्ऋत्येला, 45 किलोमीटरच्या आसपास. बोटीला सव्वा ते दीड तास लागतो. बोट रोज नसते, म्हणून आधी बोटीचा वार बघावा आणि मगच बाकीचे बेत करावेत. पासपोर्ट बरोबर हवाच: सिंट मार्टेन आणि साबा एकाच डच राज्यात असले तरी सिंट मार्टेन हा त्यातला वेगळा देश आहे आणि साबा 10 ऑक्टोबर 2010पासून थेट नेदरलँड्सची विशेष नगरपालिका. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं, युरोपसाठीचा शेंगेन व्हिसा आणि डच कॅरिबियनचा व्हिसा हे दोन वेगळे आहेत. कुठल्या व्हिसावर कुठली सूट मिळते ते तिकीट काढण्याआधी डच वकिलातीकडून समजून घ्यावं.

बोट लागण्यावरची गोळी बोटीत बसल्यावर घेतली तर उपयोग होत नाही. निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. जाताना वारा बराचसा पाठीशी असतो. येताना तीच बोट व्यापारी वाऱ्याच्या तोंडावर चालते आणि चांगली आपटते. त्यामुळे खरी गरज परतीच्या गोळीची असते, आणि बहुतेक लोक तीच विसरतात. डिसेंबरपासून पुढचे काही महिने वारा आणखी जोरात असतो.

विमानाने बारा-पंधरा मिनिटं लागतात. धावपट्टी फक्त 400 मीटर, दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. बेटावर एवढी एकच सपाट जागा आहे, लाव्हा समुद्रापर्यंत वाहत जाऊन थिजल्यामुळे तयार झालेली. गावकऱ्यांनी तिथले दगडगोटे हातांनी उचलून जागा मोकळी केली, 1959मध्ये पहिलं विमान उतरलं आणि 1963मध्ये विमानतळ सुरू झाला. आखूड धावपट्टीवर उतरू शकणारं ट्विन ऑटर हे छोटं विमान तिथे चालतं. आडवा वारा सुटला की उड्डाण रद्द होतं, सामानाच्या वजनावरही मर्यादा असते. त्याच रात्री सिंट मार्टेनहून पुढचं मोठं विमान पकडायचं असेल तर साबाची फेरी त्या दिवशी ठेवूच नये.

रस्ता

फोर्ट बेच्या धक्क्यावरून टॅक्सी वर चढायला लागते तेव्हा खिडकीकडची जागा घ्यावी. वळणं इतकी तीव्र आणि चढ इतका उभा की गाडी बराच वेळ पहिल्याच गिअरमध्ये असते. हा रस्ता होणं शक्य नाही, असं डच अभियंत्यांनी सांगितलं होतं. जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल या साबाच्याच माणसाने पत्रद्वारा स्थापत्याचा अभ्यासक्रम केला आणि 1938मध्ये गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केलं. यंत्रं नव्हती. दगड फोडणं, वाहणं, कडेची भिंत रचणं, सगळं हातांनी. 1943मध्ये रस्ता धक्क्यापासून बॉटम या राजधानीच्या गावापर्यंत पोचला, 1947मध्ये बेटावर पहिली मोटार आली आणि 1958मध्ये सगळी गावं जोडली गेली. त्याआधी माल उतरवायची एक जागा होती पश्चिमेची लॅडर बे. तिथे कड्यात खोदलेल्या सुमारे 800 पायऱ्या आहेत. पिठाचं पोतं असो की कपाट, बेटावर आलेली प्रत्येक वस्तू कुणीतरी डोक्याखांद्यावरून चढवलेली होती. पांढऱ्या भिंती, लाल छपरं आणि हिरव्या खिडक्यांची नीटनेटकी घरं बघताना हे आठवायला हवं. छपरावर पडलेलं पावसाचं पाणी घराखालच्या टाकीत साठवतात आणि तेच वर्षभर पुरवतात, म्हणून इथे नळ वाहता ठेवू नये.

डोंगर

चढाई विंडवर्डसाइडजवळून सुरू होते. पायऱ्या 1064. साडेदहाला धक्क्यावर उतरलात तर पासपोर्ट तपासणी, टॅक्सी आणि ट्रेल शॉप या पायवाटांच्या कार्यालयातली नोंद यात पाऊण-एक तास जातो. चढायला दीड तास, वर अर्धा तास, उतरायला तास-सव्वा तास. म्हणजे जेवणाला अडीच-पावणेतीन वाजतात, आणि परतीची बोट साडेचारच्या आतली असेल तर जेवण बांधूनच घ्यावं. आधी निवांत जेवून मग चढू, हा बेत हमखास फसतो.

पायऱ्या म्हटल्यावर सोपं वाटतं, पण प्रत्येक पायरीची उंची वेगळी, त्यामुळे पाय एका लयीत पडत नाहीत आणि दम लवकर लागतो. वरच्या अर्ध्या वाटेवर ढगाचा ओलावा कायम असतो, दगडावर शेवाळ धरतं. भर पावसाळ्यात किल्ल्याच्या पायऱ्या उतरलेल्या माणसाला हा निसरडेपणा लगेच ओळखू येईल. खाचा असलेल्या तळाचे बूट घालावेत, चपला नकोत. माणशी दीड लिटर पाणी आणि पातळ रेनकोट घ्यावा. काठीचा खरा उपयोग उतरताना होतो. बहुतेक घसरणं उतरतानाच, गुडघे थरथरायला लागल्यावर होतं. पाय पायरीच्या कडेवर न टेकता आतल्या बाजूला, किंचित आडवा टाकावा.

चढता चढता झाडी बदलत जाते. खाली केळी आणि आंबा, मग वृक्षनेचे, अळूच्याच कुळातली प्रचंड पानं, आणि माथ्याजवळ बुंध्यापासून फांद्यांपर्यंत शेवाळाने मढलेली खुजी झाडं. खोडांवर ठिपक्यांचा सरडा दिसला तर जरा थांबून बघावा; नराच्या फिकट अंगावर काळपट चट्टे असतात आणि ही जात जगात फक्त साबावर आढळते. वाटेत सापही दिसतो. तो माणसाला अपाय करत नाही, त्याला वाट द्यावी.

माथा बऱ्याचदा ढगात असतो. दुरून आलेल्या दमट वाऱ्याला समुद्रात अचानक हा डोंगर आडवा येतो, हवा वर चढते, थंड होते आणि तिथेच ढग धरतो. उन्हं चढतील तसा तो दाटत जातो. वरून काहीच दिसलं नाही म्हणून फेरी फुकट गेली असं मात्र नाही, कारण इथलं हे जंगल त्या ढगावरच जगतं. ढग मध्येच फाटला तर विंडवर्डसाइडची लाल छपरं थेट पायाखाली दिसतात. माथ्यापर्यंतचे शेवटचे खडक ओले असतील आणि वारा असेल तर पायऱ्या संपतात तिथूनच वळावं.

दुपार

बोटीला वेळ उरला तर साबाची लेस बघावी. 1870च्या दशकात मेरी गर्ट्रूड जॉन्सन कराकासच्या कॉन्व्हेंटमध्ये हे काम शिकली आणि तिने ते बेटावर आणलं. लिननच्या तलम कापडातले मोजून काही धागे ओढून काढायचे आणि उरलेले सुईने बांधत नक्षी उभी करायची. एक धागा चुकीचा ओढला तर ती पट्टी वाया. पुरुष जहाजांवर गेलेले असताना बायकांनी टपालाने अमेरिकेत लेस विकून घरं चालवली. विकत घेताना किंमत जास्त वाटली तर कापड उलटं करून मागची बाजू बघावी, तिथे कामाचे तास दिसतात. बेटावर अमेरिकन डॉलर चालतो. सुट्या नोटा जवळ असाव्यात.

धक्क्यावर बोटीच्या तासभर आधी पोचावं, कारण गावात मोजक्याच टॅक्सी असतात आणि सगळ्यांना एकाच वेळी खाली उतरायचं असतं. सकाळच्याच टॅक्सीवाल्याशी वेळ ठरवून ठेवलेली बरी. दुसरी गोळी इथेच घ्यावी. बोटीत मागच्या बाजूला, मधोमध, खालच्या मजल्यावर बसावं. तिथे हेलकावा सगळ्यात कमी लागतो.